पाहणे आणि पाहुणेपण

'यंदा आम्ही सिंगापूर केले, पुढच्या वर्षी व्हिएतनाम करायचे आहे,' अशी भाषा आता आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. क्रियापद जुनेच आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी काशी केली, रामेश्वर केले. मात्र काशी करावयाची म्हणजे तेथे जाऊन खरोखरीच काही करावे लागे: स्नान, श्राद्ध, दानधर्म, उपाध्यायाच्या वहीत घराण्याची नोंद. कर्म होते, म्हणून क्रियापद शोभत होते. सिंगापूर करताना आपण नेमके काय करतो, हे कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे फारसे कारणही नाही. ते शहर पाहुण्यांसाठी सजून बसलेले आहे. त्याला आपल्या येण्याजाण्याचे सोयरसुतक नाही. प्रश्न बिकट होतो तो एखाद्या शांत, आडवाटेच्या देशाच्या बाबतीत.

आमच्या मंडळातील पाच-सहा निवृत्त सभासदांनी लाओस या देशाची सात रात्रींची सहल ठरविली आणि वेळापत्रक आखण्याचे काम, 'तुम्ही वाचता, तेव्हा आखाही तुम्हीच,' या न्यायाने माझ्याकडे आले. वेळापत्रक म्हणजे वरवर पाहता गाड्यांच्या वेळा, मुक्कामाच्या जागा आणि खर्चाचा अदमास. परंतु कागद पुढे ओढला की ध्यानात येते, त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे कोणाच्या दारात, किती वाजता, कितीजणांनी आणि कशासाठी उभे राहायचे याचा निर्णय आहे. तो आपण घरी बसून, चहा घेत घेत, त्या दारातील माणसाला न विचारता घेत असतो. ज्या देशात आपले काही काम नाही, ज्याची भाषा आपल्याला येत नाही आणि ज्याला आपण आयुष्यातले सात दिवसच देणार आहोत, त्याच्याकडून पाहण्याचा हक्क म्हणून आपण काय मागू शकतो? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

लाओसला समुद्र नाही. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि म्यानमार अशा पाच शेजाऱ्यांच्या मध्ये तो वसलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे २,३६,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास तीन-चतुर्थांश. लोकसंख्या मात्र ७५ ते ८० लाखांच्या घरात, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील मुंबईहूनही कमी. २०१९ साली थायलंडमध्ये सुमारे ४ कोटी परदेशी प्रवासी उतरले, तर लाओसमध्ये ४८ लाखांच्या आसपास. आणि त्यांतलेही बहुसंख्य सीमेपलीकडचे शेजारीच. देशाच्या अधिकृत इंग्रजी नावाअखेर पी.डी.आर. अशी आद्याक्षरे येतात. मूळ अर्थ 'लोकशाही जनप्रजासत्ताक'. पण परदेशी प्रवासी थट्टेने त्यांचा उलगडा 'कृपया घाई करू नका' असा करतात. तेथील लोकांच्या तोंडी वारंवार येणारा शब्दप्रयोग म्हणजे 'बो पेन न्यांग'. आपल्याकडचे 'काही हरकत नाही', तसाच. या दोन गोष्टी एकत्र केल्या की प्रवासी कंपन्यांच्या पत्रकातला संथ, सोशिक, हसतमुख देश तयार होतो.

ही शांतता कुठून आली, हे पाहू लागलो की मात्र पत्रक बाजूला ठेवावे लागते. काही शांतता विरळ वस्तीची आणि डोंगराळ भूमीची आहे, काही बौद्ध आचाराची आहे, हे खरेच. पण ईशान्येकडील शिएंग ख्वांग प्रांताच्या पठारावरची शांतता निराळी आहे. तेथे दगडी रांजणांची प्रसिद्ध मैदाने आहेत. लोहयुगातले, दोन हजारांहून अधिक प्रचंड रांजण निरनिराळ्या टेकड्यांवर विखुरले आहेत. १९३० च्या दशकात मादलेन कोलानी या फ्रेंच विदुषीने त्यांचा अभ्यास करून ते अंत्यविधीशी निगडित असावेत असे मांडले. २०१९ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. याच भूमीवर आणि दक्षिणेकडच्या सीमाभागावर १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. विमानांच्या फेऱ्या ५ लाख ८० हजार. सरासरी काढली, तर नऊ वर्षे रात्रंदिवस दर आठ मिनिटांना एक विमान रिते होत होते. त्यात मोठ्या बॉम्बच्या पोटातून सुटणारे मुठीएवढे लहान बॉम्ब सुमारे २७ कोटी होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३० टक्के फुटलेच नाहीत. ते शेतात, ओढ्यात, बांबूच्या बेटात पडून राहिले. युद्ध संपल्यानंतरही त्यांनी २० हजारांवर माणसे मारली वा जायबंदी केली. रांजणांच्या मैदानात हिंडताना जमिनीत बसविलेल्या लाल-पांढऱ्या खुणा पाहूनच पाऊल टाकावे लागते; पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासलेली, लाल बाजूची तशी नव्हे. तेथे पाखरांचा आवाज ऐकू येतो आणि प्रवासी म्हणतो, किती शांत!

आणखी एका शांततेचाही उल्लेख केला पाहिजे. सामुदायिक नेतृत्वासाठी २००५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळालेले सोम्बाथ सोम्फोन यांची गाडी १५ डिसेंबर २०१२ रोजी राजधानी व्हिएंतियान येथे एका पोलीस चौकीपाशी थांबविली गेली आणि त्यांना दुसऱ्या वाहनातून नेण्यात आले. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने हे टिपले. त्यानंतर ते कोणाला दिसलेले नाहीत. एकपक्षीय राजवटीच्या देशात लोक हळू बोलतात, याला स्वभावाखेरीज दुसरीही कारणे असू शकतात. आपली मोटार त्याच शहरातल्या रस्त्यांवरून जाणार असते.

तेव्हा 'शांत देश पाहायला जाऊ' या वाक्यातील 'शांत' हे विशेषण आपले आहे, त्यांचे नव्हे. आपण आपल्या गोंगाटाला कंटाळून ते त्यांना चिकटवितो आणि मग त्याचे पैसे मोजतो.

वेळापत्रकाशी झगडताना मला एक भेद उपयोगी पडला: दाखविलेले आणि दिसणारे यांतला. व्हिएंतियानला युद्धोत्तर स्फोटांत हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव देणाऱ्या 'कोप' या संस्थेने एक प्रदर्शन मांडले आहे. तेथे हे सारे मुद्दाम येणाऱ्याला सांगावे म्हणून ठेवले आहे. आत जाऊन तासभर थांबणे हे निमंत्रण स्वीकारण्यासारखे आहे. याउलट काही गोष्टी केवळ उघड्यावर घडतात म्हणून दिसतात. त्या कोणी दाखविलेल्या नसतात. रस्ता सार्वजनिक आहे, कॅमेरा आपला आहे, मग अडचण कोणती, असा युक्तिवाद येथे केला जातो, आणि तो कायद्याने बिनचूक असतो.

या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण लुआंग प्रबांगच्या पहाटेचे आहे. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावरची ही जुनी राजधानी १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरात याने बांधलेला वाट शिएंग थोंग हा विहार, मधोमध फूसी टेकडी, फ्रेंच अमलातली घरे, असे हे लहानसे गाव. तेथे रोज उजाडण्यापूर्वी विहारांतून भगव्या वस्त्रांतले भिक्षू आणि बालश्रामणेर ओळीने, अनवाणी निघतात. घरांसमोर गुडघे टेकून बसलेल्या बाया वेताच्या टोपलीतून चिकट भाताची मूठ मूठ प्रत्येकाच्या पात्रात घालतात. कोणी बोलत नाही. भिक्षू आभार मानीत नाहीत, कारण उपकार कोणी कोणावर केलेलाच नसतो; देणाऱ्याला पुण्य मिळते, घेणाऱ्याला अन्न. पुढे रस्त्यालगत टोपल्या घेऊन बसलेल्या गरीब पोरांच्या टोपलीत त्याच पात्रातला काही भात पडतो. या आचाराला 'ताक बात' म्हणतात.

आपल्या वाचकांना यात परके काही वाटू नये. माधुकरी मागून विद्या संपादन केलेल्या पूर्वजांच्या कथा आपल्यातील अनेक घराण्यांत अजून सांगितल्या जातात. माधुकरी वाढणाऱ्या गृहिणीचे आणि झोळी पुढे करणाऱ्या मुलाचे नाते फार नाजूक असे. ती शक्यतो त्याच्या तोंडाकडे पाहत नसे, आणि त्यालाही दारात रेंगाळण्याची मुभा नव्हती. त्या क्षणी कोणी परका माणूस दोघांच्या मध्ये येऊन दिव्याचा झोत मुलाच्या चेहऱ्यावर टाकता, तर आपल्या आजीने त्याला काय सुनावले असते याची कल्पना करता येते. लुआंग प्रबांगमध्ये हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. अंतर राखा, झोत टाकू नका, अंगभर वस्त्रे घाला, भिक्षूंना स्पर्श करू नका, अशा सूचनांचे फलक तेथे लावावे लागले. रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडून आयत्या वेळी घेतलेला भात पात्रात घालू नका, बाजारातून नीट घ्या, असेही प्रवाशांना सांगितले जाते.

आता गाठ अधिक घट्ट होते. गावाला वारशाचा दर्जा मिळाल्यावर जुन्या भागातील घरांचे मोल वाढले. अनेक कुटुंबांनी ती अतिथिगृहांसाठी भाड्याने दिली आणि ती गावाबाहेर राहावयास गेली. त्यांनी चूक केली असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या पेठांतले किती वाडे आपण स्वतः विकासकांच्या स्वाधीन केले, हे आपण जाणतोच. पण परिणाम असा की विहारांच्या आसपास भात शिजविणारी घरे कमी झाली आणि गुडघे टेकून बसणाऱ्यांत प्रवाशांची संख्या वाढली. म्हणजे आपण ज्या आचाराला धक्का देतो, त्याची रिकामी जागाही आपणच भरतो आहोत. प्रवाशाने दिलेला भात दान ठरतो काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ, पात्र आणि परतफेडीची अपेक्षा नसणे अशा अटी घातल्या आहेत. देश, काळ, पात्र यांत उणे नाही. पण छायाचित्र ही परतफेड नव्हे काय? तरीही भिक्षूच्या पोटात गेलेला भात भातच असतो, असे एक सभासद म्हणाले, आणि मला त्यांचे म्हणणे सहज खोडता आले नाही.

'मग जाऊच नये,' हे उत्तर मला पटत नाही. ते नीतीपेक्षा आळसाला अधिक सोयीचे आहे. करोनाच्या साथीत लाओसच्या सीमा प्रवाशांना सुमारे दोन वर्षे बंद होत्या. ९ मे २०२२ रोजी त्या पुन्हा पूर्णपणे खुल्या झाल्या. त्या दोन वर्षांत गावात जी शांतता होती ती नावाडी, विणकर, खानावळवाले यांच्या रिकाम्या हातांची होती. दूर राहून आपण कोणाचे पावित्र्य जपत नाही, फक्त आपले हात स्वच्छ ठेवतो. आणि लाओसचे लोक म्हणजे आपल्यापासून जपून ठेवावयाची काचेची भांडी आहेत, या समजुतीतही थोडी तुच्छता आहेच.

जाण्यायेण्याचा विचार बौद्ध परंपरेनेही केलेला आहे आणि तो मला आजच्या पर्यटनशास्त्रापेक्षा खोल वाटतो. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाच्या नियमाचा उगम सांगितला आहे. पावसाळ्यातही भिक्षू चारिका करीत, तेव्हा त्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि लहान जीव तुडविले जातात, अशी लोकांनी तक्रार केली; इतर पंथांचे साधू, इतकेच काय पाखरेसुद्धा, या दिवसांत एके ठिकाणी राहतात, मग हेच का हिंडतात? बुद्धांनी ही तक्रार रास्त मानली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. लाओसमध्ये तो आजही पाळला जातो. 'फन्सा' हे त्याचे तिथले नाव पाली 'वस्स' याच्याशीच नाते सांगणारे. जुलैच्या सुमारास तो सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये नदीत दिवे सोडून संपतो. आपल्या चातुर्मासाशी त्याचे नाते उघड आहे. मला लक्षणीय वाटते ते असे की या नियमात भिक्षूंच्या हेतूविषयी चकार शब्द नाही. हेतू शुद्धच होता. नियम आला तो पावलांमुळे. चांगल्या मनाने टाकलेले पाऊलही गवत तुडविते, आणि म्हणून काही दिवस, काही जागी, चालायचे नसते.

येथे आपल्यासारख्या वाचकांना एक गोष्ट आतून ठाऊक असावी. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यामागे आपले पूर्वज या मुलुखांत आले ते सहलीला नव्हे. ते राहिले, येथल्या मातीत मिसळले, आणि दोनशे वर्षांनी आपणच पाहण्याची वस्तू झालो आहोत. पुण्या-मुंबईकडची पाहुणेमंडळी राजवाडा पाहून झाल्यावर आपल्या घरी येतात, देवघराचे छायाचित्र घेतात, आपल्या बोलण्यातली हिंदीची झाक कौतुकाने टिपतात आणि 'तुम्ही लोकांनी मराठीपण किती जपले आहे!' असे प्रशस्तिपत्र देऊन रात्रीच्या गाडीने परततात. आपल्याला राग येत नाही. चहा केलेला असतो, तो आपण आनंदाने देतो. पण त्यांनी जे पाहिले ते आपण दाखविले होते की त्यांना नुसतेच दिसले, हे आपल्याला नक्की कळते. 'पाहुणा' हा शब्द संस्कृत 'प्राघुण' यावरून आला, 'पाहणे' या क्रियापदाशी त्याचा काही संबंध नाही, ही भाषेने आपल्यावर केलेली कृपाच म्हणायची.

मंडळींचा सर्वांत मोठा आग्रह होता तो दक्षिणेतल्या वाट फूचा. चंपासाक प्रांतातील हे स्थान २००१ पासून जागतिक वारशात आहे. माथ्यावर नैसर्गिक शिवलिंगासारखा सुळका असलेला डोंगर, त्याचे प्राचीन नाव लिंगपर्वत. पायथ्याशी ख्मेर राजवटीतले शिवालय, आणि मागच्या कड्यातून पाझरणारे झऱ्याचे पाणी पन्हळीने आणून लिंगावर अखंड अभिषेक होईल अशी योजना. आज गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहेत आणि गावकरी त्यांना फुले वाहतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तेथल्या जीर्णोद्धारात भाग घेतला आहे. अभिमान वाटावा असेच हे सारे. माझी शंका वेगळी होती. सहाशे-सातशे किलोमीटर जाऊन आपण तेथे काय पाहणार? 'हे मूळचे आपलेच,' एवढेच पाहून येण्याची दाट शक्यता होती. ज्या शतकानुशतकांत त्या लोकांनी शिवालयाचे बुद्धालय करून ते नांदते ठेवले, तो काळ आपल्या नजरेतून निसटला असता. आपलेपणाचा दावा करणारा पाहुणा यजमानाला फार जड जातो. घरच्या कार्यात याचा अनुभव सर्वांनी घेतला आहे.

वेळेचा प्रश्नही होताच. ३ डिसेंबर २०२१ रोजी चीनच्या सीमेपासून व्हिएंतियानपर्यंत ४०० किलोमीटरहून लांब रेल्वे सुरू झाली. व्हिएंतियान ते लुआंग प्रबांग हा डोंगरातला प्रवास पूर्वी मोटारीने दिवस खाई. आता तो दोन तासांत होतो. चिनी कर्जाचा बोजा मोठा आहे, पण रेल्वे तेथल्या लोकांनाही हवीच होती. तिच्याबद्दल आपण उसासे टाकण्याचे कारण नाही. मात्र तिच्यामुळे वेळापत्रकात एक मोह शिरला: सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, दोन रात्रींचे भाडे वाचेल. अशा हिशेबाने सात दिवसांत सहा ठिकाणे सहज बसतात. एका सभासदांनी तसा तक्ता करूनही आणला होता, आणि तो माझ्या तक्त्यापेक्षा नीटनेटका होता हे मान्य केले पाहिजे.

मी विष्णुभट गोडशांचे नाव काढले. १८५७ साली वरसईहून ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळावी म्हणून निघाले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीत अडकले. 'माझा प्रवास' हे पुस्तक मोलाचे झाले ते त्यांच्या बेतात नसलेल्या गोष्टींमुळे. यावर, 'आम्हाला बंडात सापडायचे नाही, औषधे मोजूनच नेली आहेत,' असे उत्तर मिळाले, तेही योग्यच होते.

अखेर जे ठरले ते असे. पहिली रात्र व्हिएंतियानला, 'कोप'चे प्रदर्शन पाहून. चार रात्री लुआंग प्रबांगला, जुन्या भागाबाहेर एका घरगुती अतिथिगृहात. दोन रात्री फोन्सावानला, रांजणांच्या मैदानासाठी. डोंगरी रस्ता सात-आठ तासांचा आहे, तो दिवसा करायचा. जाण्याचा हंगाम नोव्हेंबरअखेरचा. तेव्हा हवा थंड असते आणि मार्चमधला जाळलेल्या शेतांचा धूर नसतो. ताक बातसाठी कोणी मुद्दाम उठायचे नाही. पहाटे जाग आलीच आणि भिक्षू खिडकीखालून गेले, तर दिवा न लावता खिडकीशी उभे राहायचे. भात द्यायचा असेल त्याने अतिथिगृहाच्या बाईंना आदल्या दिवशी विचारावे. त्या स्वतः बसत असतील आणि शेजारी बसा म्हणाल्या, तर बसावे. नाही म्हणाल्या, तर विषय संपला.

वाट फू गळले. ज्येष्ठ सभासदांना ते मान्य नाही. इतक्या वयात पुन्हा कोण जाणार आहे, आणि महादेवाच्या इतके जवळ जाऊन दर्शन न घेता परतायचे म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे. पाक्सेला विमान जाते, हेही त्यांनी शोधून काढले आहे. 'तुमच्या भेदाप्रमाणे देव दाखविलेल्यात येतो की दिसणाऱ्यात?' असे त्यांनी मला मागच्या बैठकीत विचारले. तिकिटे पुढील महिन्यात काढावयाची आहेत.